दार हळू लाव, झोपल्यात त्या

मागच्या आठवड्यात सुट्टी काढून गावी गेले, मोहोळ तालुक्यात आमचं गाव, रेशमाच्या अळ्यांच्या शेडमध्ये पाय ठेवला तर आई काय म्हणाली, "दार हळू लाव गं, झोपल्यात त्या." अळ्या मोल्टवर बसल्या होत्या. कात टाकायच्या आधी त्या खाणं सोडतात आणि मान वर करून गप्प थांबतात, आयुष्यात चार वेळा, पण आपल्याकडे चॉकी सेंटरवरून, म्हणजे लहान अळ्या वाढवून देतात तिथून, दोन मोल्ट झालेल्या अळ्या येतात म्हणून घरी शेवटचे दोनच बघायला मिळतात. आई फडक्यात चुना बांधून बेडवर हलक्या हाताने झटकत होती, बेड कोरडा राहायला पाहिजे ना.

मोल्ट पास झाला की मात्र बसायला वेळ नाही. अळी आयुष्यभरात जेवढा पाला खाते त्यातला ८० टक्क्यांच्या वर शेवटच्या सात-आठ दिवसात खाते. ऊन चढायच्या आत तुतीच्या फांद्या कापायच्या, नाहीतर पाला सुकतो, मग डोक्यावर भारे, दिवसातून तीनदा फिडिंग, रात्रीचं दहाला. पाला ओला आहे का हे आई तळहाताच्या मागच्या बाजूने बघते. ओला पाला घातला की रोग आलाच.

आणि एक सांगायचंच आहे, आईची कित्येक वर्षांची मिसरी या अळ्यांमुळे सुटली. तंबाखू अळ्यांना विषच, तंबाखूचा हात लागलेला पालासुद्धा चालत नाही. आम्ही सांगून थकलो होतो, तिने अळ्यांसाठी एका बॅचमध्ये सोडली.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या तुरीवर फवारणी झाली, वारा आमच्या तुतीकडे होता, आम्हाला कोणी सांगितलं नाही. तोच पाला अळ्यांना गेला आणि दुसऱ्या दिवशी अळ्या हिरवं पाणी ओकत होत्या. आईने ती अख्खी बॅच स्वतः उचलून खड्ड्यात पुरली, दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून ती बांधावर जाऊन विचारून येते, आज फवारताय का.

हे सगळं ती करते आणि सातबारा दादाच्या नावावर, पासबुक दादाचं, ट्रेनिंगला दादा, शेड बघायला कोणी आलं की माहिती दादा सांगतो आणि आई चहा करते. दादा वाईट नाहीये, मार्केटची धावपळ तोच करतो, आधी कोष विकायला कर्नाटकात रामनगरपर्यंत जायचा, २०१८ मध्ये जालन्याला कोषांचं मार्केट झालं तेव्हापासून तिकडे. पण मला हे खटकतं म्हणजे खटकतंच. उसाच्या पैशाला दीड वर्ष वाट बघणाऱ्या घरात महिन्याभरात पैसे दिसायला लागले ते कोणाच्या हातामुळे? यावेळी मी दादाला बसवून सरळ बोलले, आईचं नाव सातबाऱ्यावर लाव आणि पुढच्या ट्रेनिंगला तिलाच पाठव. तो हो म्हणालाय. तलाठ्याकडे जायची तारीख मी फोनमध्ये टाकून ठेवलीये.

परवा माल गेला, म्हणजे अळ्यांनी विणलेले कोष. दादाचा फोन आला, रेट चांगला लागला म्हणून तो खुशीत. आईने फोन घेतला आणि पहिलं विचारलं, "पोचट किती निघाले रे?"