तुम्ही विचारलंत म्हणून: सेंद्रिय स्फटिकातली लाइन का जाते?

"काऊन वं बाई, सेंद्रिय म्हंजे शेणखताचंच नं? मंग त्याच्यातून करंट कसा जाते?" यवतमाळकडे गावी गेले की मोठे काका हे विचारतातच. तुमच्यापैकीही अनेकांनी विचारलंय.

रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या सांगाड्यावर उभा असलेला रेणू. मी ज्यावर संशोधन करते तो रेणू चपटा. कार्बन, हायड्रोजन आणि गंधकाचा. नाव बीईडीटी-टीटीएफ. त्याच्या द्रावणातल्या प्लॅटिनमच्या तारेला मायक्रोअँपिअरच्या घरातला करंट कित्येक दिवस दिला, की आयोडीनसोबत काळे, चकचकीत पापुद्रे उगवतात. दर दोन रेणूंमागे एक इलेक्ट्रॉन आयोडीनच्या तिकडीकडे (एकत्र जोडलेल्या तीन अणूंकडे) जातो, म्हणून प्रत्येक रेणूवर सरासरी अर्धा धन भार उरतो. हा भार रेणूवरून रेणूवर सरकतो, तीच वीज.

रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजायला स्फटिकाला केसाहून बारीक सोन्याच्या तारा कार्बनच्या लेपाने चिकटवायच्या आणि हळूहळू थंड करत न्यायचं. घाई केली की तो तडकतो. माझे दोन तसे गेले. 135 केल्विनला, म्हणजे उणे 138 अंश सेल्सिअसला, रोध एकाएकी कित्येक पट उसळतो.

"म्हंजे फ्यूज उडाला," काका म्हणतात.

नाही काका. डीपी जळला, तार तुटली, असं काहीच झालेलं नसतं. पुन्हा गरम करा, लाइन परत येते. सगळे भार एकाच जातीचे, त्यामुळे एकमेकांना ढकलणारे. उष्णतेची खळबळ ओसरली की ही ढकलाढकली वरचढ होते आणि ते एकमेकांपासून जमेल तेवढे लांब बसतात. आपल्या वावरात कपाशीनंतर तुरीचं तास येतं ना, तसे पट्टे पडतात: एका ओळीतल्या रेणूंवर जवळपास 0.8 भार, शेजारच्या ओळीत 0.2. जागा धरून बसलेला भार वीज वाहत नाही. याला भारक्रम म्हणतात.

रोध वाढायला दहा कारणं असतात, म्हणून मला प्रकाशाची साक्ष जास्त पटते. रेणूतल्या कार्बन-कार्बन दुहेरी बंधाचं कंपन भार वाढला की मंदावतं. अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशाच्या, वर्णपटात 135 केल्विनच्या वर त्याचा एकच पसरट पट्टा दिसतो; खाली आलं की त्याच जागी दोन वेगळे पट्टे, एक श्रीमंत ओळीचा, एक गरीब ओळीचा. पहिल्यांदा ते फुटताना पाहिले तेव्हा रात्रभर मी खोलीवर गेले नाही. आणखी एक: भार असे बसले की स्फटिकाची सममिती मोडते, आणि त्यावर टाकलेल्या लेसरमधून दुप्पट वारंवारतेचा प्रकाशही निघू लागतो. 2007 मध्ये जपानी संशोधकांनी लेसरच्या अतिसूक्ष्म ठोक्याने भारांचे हे पट्टे क्षणभर वितळवूनही दाखवले.

दिवाळीत तडकलेल्यातला एक तुकडा कुपीत घालून नेला होता. काकांनी तो अंगणातल्या उन्हात तिरपा धरला, चकाकी पाहिली.

"आन् आता जाते का याच्यातून करंट?"

"आता जातो, काका. इथं ऊन आहे."