अकरा रुपये

निघालो ती चतुर्थी होती एवढं नक्की, त्यापुढचं सगळं डोक्यात एकात एक मिसळलंय. माहीम कोळीवाड्यातून पहाटे कार्ल्याच्या एकवीरा आईची पालखी उचलली, मग मानखुर्द, वाशीचा पूल, पनवेल, आणि सतत पुढे तो टेम्पो. आईची गाणी मला लहानपणापासून पाठ आहेत, पण तेच गाणं चौदाव्यांदा छातीत धडधडायला लागलं की तोंडाने उदो उदो आणि मनात स्पीकरवाल्याला शिव्या, असं चालू होतं माझं.

दरवर्षी मम्मी चालते. यंदा तिचा गुडघा गेला म्हणून मी. दर तासाला फोन. कुठे पोचली, पाणी पी, सावलीत बस, आणि शेवटी हमखास, "बूट घालू नको सांगितलेलं ना मी." नवे घेतले होते, सेलमध्ये, चांगले महागातले.

पनवेल सोडल्यावर जुन्या हायवेला चौकच्या अलीकडे डाव्या टाचेने दगा दिला. दुपारी एकचा सुमार, चैत्रातलं ऊन, डांबर मऊ झालेलं. मंडळातले सगळे पुढे गेले, एकीने मागे वळून "ये हळूहळू" म्हटलं फक्त. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून बूट काढला तर मोजा टाचेला चिकटलेला. रडू नाही आलं, राग आला. कोणावर ते कळेना. देवीवरच बहुतेक.

समोर निळ्या ताडपत्रीखाली एक म्हातारी ताडगोळे सोलत बसलेली. कोयता खाली न ठेवताच ओरडली, "नवं बूट घालून कोन देवाला जातं गो? आन पाय इकरं."

गेले लंगडत. तिने माझा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला, मला इतकं कसंतरी झालं, वयाने आजीएवढी बाई आणि माझा तो घाणेरडा पाय. बाटलीतलं पाणी ओतून टाच धुतली. पदराला खोचलेली सुई काढली, तिला काळा दोरा गुंडाळलेलाच होता. काडी पेटवून सुई तापवली, फोडाच्या एका बाजूने घातली, दुसऱ्या बाजूने काढली आणि दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं दाताने तोडली. "काढू नको. पानी त्याच्यातनंच झिरपल." मग ताडगोळ्याची गार साल टाचेच्या आजूबाजूला फिरवत राहिली, आणि फिरवता फिरवता तिच्या सुनेबद्दल बरंच काही बोलली, ते इथे लिहीत नाही.

एक डझन ताडगोळे घेतले. त्याचे पैसे मात्र पूर्ण, दहा रुपये सोडायला तयार नाही बाई! घेतले आणि त्यातलेच अकरा माझ्या हातावर परत ठेवले, आईच्या पेटीत टाक म्हणाली. तिला कधी जायला मिळालं नव्हतं, चौकहून कार्ला ते किती लांब! नाव विचारायचं राहिलं. मम्मीचा फोन आला मध्येच.

पुढे चपलांवर चालले, मंडळातल्या एका काकांच्या, दोन नंबर मोठ्या. खोपोली, घाट, शिंग्रोबाला नाणं टाकलं. देवघरला आईच्या भावाच्या, काळभैरवाच्या यात्रेला षष्ठीला पोचायचं ठरलेलं, आम्ही तेव्हा अजून खंडाळ्यातच.

सप्तमीला वेहेरगाव, आईच्या डोंगराखालचं. पायथ्याला ही गर्दी, नवसाचे कोंबडे, कोळी टोप्या, आग्री बायकांचे गजरे, घामाचा आणि गुलालाचा एकच वास. वर लाईन देवळाला लागूनच्या बौद्ध लेण्यापाशी तुंबली, तर मी जाळीतून चैत्यात बघत उभी. आतल्या एका खांबावर सोपाऱ्याहून, आताच्या नालासोपाऱ्याहून, आलेल्या माणसाचं दान कोरलंय, दोन हजार वर्षांपूर्वीचं. म्हणजे आमच्याच बाजूचा! तोही चालतच आला असणार, फोड आले का ते काय कोरलं नाही त्याने.

आईसमोर दोन सेकंद. चांदीचे डोळे दिसले, बाजूला जोगेश्वरी, आणि मी काय मागायचं तेच विसरले, नुसतं "मम्मीचा गुडघा" एवढंच आलं तोंडात, तेवढ्यात मागून धक्का आणि मी बाहेर. संध्याकाळी पालखी निघाली तेव्हा मात्र रडले, चांगली हमसून, कशासाठी ते विचारू नका.

पायऱ्या उतरून खाली आल्यावर बघते तर मूठ अजून घट्ट मिटलेली. दहाची नोट भिजून मऊ झालेली, वर रुपयाचं नाणं. त्या पायांनी परत वर चढणं शक्य नव्हतं आणि रात्री टेम्पो एक्सप्रेसवेने सुसाट मुंबईत, चौक लागलंच नाही.

नवरात्रात एसटीने जाऊन टाकून येते म्हटलं. मम्मी देव्हाऱ्यात वाटीखाली ते पैसे ठेवत होती, वळलीसुद्धा नाही.

"एसटीने नाय. चालणारीला दिलेत तिने."