आईची भोवळ आणि टिल्ट टेबल चाचणी

आईला वरचेवर भोवळ येऊन ती पडू लागली, तेव्हा ईसीजी, टू-डी एको आणि चोवीस तासांचा होल्टर (हृदयाचे ठोके सतत नोंदवणारे यंत्र) हे सारे निर्दोष निघाले, आणि 'अशक्तपणा असेल' एवढ्यावर तिची बोळवण होत राहिली, याचा मला आजही राग येतो. पुढे एका हृदयरोगतज्ज्ञांनी आधी झोपवून, मग उभे करून तीन मिनिटांपर्यंत रक्तदाब मोजला (वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर कारण बहुधा तिथेच सापडते), आणि तो स्थिर राहिल्यावर टिल्ट टेबल चाचणी सुचवली. अकारण वाटणाऱ्या मूर्च्छेसाठी ती 1986 पासून वापरात आहे.

तिला पट्ट्यांनी बांधून टेबल सुमारे 70 अंशांत उभे केले. पाय न हलवता उभे राहिल्याने रक्त पायांत साचते आणि काहींच्या शरीराचा प्रतिसाद उलटा होऊन नाडी व रक्तदाब दोन्ही कोसळतात. बराच वेळ काहीच घडले नाही. जिभेखाली नायट्रोग्लिसरीन हे रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध दिल्यावर मात्र तिला जांभई आली, कपाळावर घाम फुटला, पडद्यावरचे आकडे घसरले आणि मान कलंडली; टेबल आडवे करताच ती शुद्धीवर आली.

"अगदी असंच होतं मला," ती म्हणाली.

निदान झाले व्हॅसोव्हेगल सिंकोपचे, म्हणजे अशा उलट्या प्रतिसादाने नाडी व रक्तदाब कोसळून येणाऱ्या मूर्च्छेचे. भरपूर पाणी पिणे आणि डोळ्यांपुढे अंधारी येताच लगेच खाली बसणे किंवा आडवे होणे, एवढेच तिला सांगितले आहे.