पुढची जागा माझी

गुरुवार, रात्री

बॅडमिंटन स्पर्धेचा ड्रॉ आला, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ती यादी. मिश्र दुहेरी, दोघांच्या वयाची बेरीज 85 च्या वर. आमच्या नावापुढे बाय नाही, म्हणजे रविवारी पहिल्या फेरीपासूनच खेळायचं. एकच गेम, 30 गुणांचा, 15 ला बाजू बदल. दर वेळी आंतर-सोसायटी स्पर्धेत हीच पद्धत असते, कारण हॉल एका दिवसासाठीच मिळतो आणि 21 चे तीन गेम खेळवत बसलं तर रात्रीचे बारा वाजतील.

मी शाळेत कुठल्याच खेळात नव्हते. खो-खोच्या संघात नाव आलं नाही, लंगडीत लगेच बाद व्हायचे, आणि पुढे कॉलेज, नोकरी, मुलगी यांत खेळ हा विषयच राहिला नाही. आता वय 46, दिवसभर बँकेत खुर्चीवर. दोन जिने भराभर चढले की धाप लागते. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. रविवारी ज्या शरीरानं खेळायचंय ते कसं आहे, त्याची ही नोंद.

भावोजी कॉलेजात बॅडमिंटन खेळलेले. जाऊबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या नाही म्हणाल्या. मग भावोजींनी मला विचारलं, "वहिनी, फॉर्म भरतोय, तुमचं नाव घालू का?" मी लगेच हो म्हटलं. त्या होकाराचं मला अजून बरं वाटतं.

पुण्यात राहून या खेळापासून मी इतकी वर्षं लांब राहिले याचं आता नवल वाटतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी इथं हा खेळ खेळायचे आणि तेव्हा त्याला 'पूना' असंच म्हणत. प्रा. दि. ब. देवधरांना सगळे क्रिकेटमुळे ओळखतात, पण त्यांच्या मुली तारा, सुंदर आणि सुमन 1940 च्या दशकात बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. आमचं सासर सांगलीचं, त्यामुळे घरात नंदू नाटेकरांचं नाव कुटुंबातल्या माणसासारखं घेतलं जातं. 1956 साली परदेशातली स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, 1961 चा अर्जुन पुरस्कारही त्यांचाच. सासरे त्यांच्या मनगटाबद्दल बोलायचे, ताकदीबद्दल कधीच नाही. ते आता मला फार महत्त्वाचं वाटतं.

शुक्रवार

संध्याकाळी घरीच सर्व्हिसचा सराव. दिवाणखान्यात एका खिडकीच्या गजापासून समोरच्या कपाटाच्या कडीपर्यंत सुतळी बांधली. नेटची उंची मधोमध 1.524 मीटर, म्हणजे पाच फूट, आणि दांड्यांपाशी 1.55. दांडीपाशी नेट नेमकं माझ्या उंचीएवढं. सुतळीच्या वर वीतभर अंतरावर दुसरी सुतळी. शटल या दोन सुतळ्यांमधून गेलं पाहिजे. पलीकडे फरशीवर खडूनं रेघ मारली, शॉर्ट सर्व्हिस लाइन. ती नेटपासून 1.98 मीटरवर असते. शटल त्या रेघेच्या जरा पुढे पडायला हवं, अलीकडे पडलं की फॉल्ट.

बॅकहँड सर्व्हिस, म्हणजे हाताची पाठ समोर ठेवून केलेली, कशी करते ते लिहून ठेवते, मुलीला शिकवताना उपयोग होईल. शटल पिसांच्या टोकाला अंगठा आणि तर्जनीत धरायचं, बूच रॅकेटकडे. रॅकेट खाली, डोकं जमिनीकडे. ग्रिप सैल. शटल 1.15 मीटरच्या वर असता कामा नये, हा 2018 पासूनचा नियम. माझ्या बाबतीत ती उंची छातीपाशी येते. मग हिसका न देता अंगठ्यानं नुसतं पुढे ढकलायचं. सुरुवात केली की मध्ये थांबायचं नाही, तेही नियमात आहे. शटल सुटताना आवाज बारीक आला की समजायचं नीट बसलं. 'टक' असा जोराचा आला तर ते वरच्या सुतळीच्याही वरून जातं.

या एका फटक्याला पळावं लागत नाही, उडी नाही, खांद्याची ताकद नाही. समोरचा कितीही दांडगा असला तरी त्या क्षणी तो उभा राहून माझी वाट बघत असतो. माझ्यासारखीला या खेळाचं दार इथून उघडलं. मी वर्षभर जवळजवळ रोज सर्व्हिस केली आहे आणि आमच्या गटात ती माझ्याइतकी खाली कुणाची जात नाही. भावोजींचीसुद्धा नाही.

ह्यांनी येऊन सुतळीखालून वाकून स्वयंपाकघरात चहा ठेवला. सुतळी सोडू नकोस म्हणाले, सकाळी पण लागेल.

शनिवार

सकाळी हॉलवर शेवटचा सराव. आज एक गोष्ट बोलून टाकली. गेले काही आठवडे मनात होती.

मिश्र दुहेरीत साधारण बाई पुढे, पुरुष मागे. पुढची व्यक्ती नेटजवळच्या आखूड फटक्यांची, मागची स्मॅश (वरून जोरात खाली मारलेला फटका) आणि क्लिअर (उंच, पार मागे टाकलेला फटका) यांची. शटल वर उचलावं लागलं की दोघं शेजारी शेजारी होतात, आणि तेव्हा बाई शक्यतो स्मॅश मारणाऱ्याच्या तिरक्या बाजूला जाते, कारण तिरक्या स्मॅशला अंतर जास्त कापावं लागतं आणि तिला क्षणभर जास्त मिळतो. हे सगळं ठीक आहे, यात शहाणपण आहे. अडचण पुढची. माझ्याकडे येणारं जरा अवघड शटल दिसलं की भावोजी मागून धावत येऊन माझ्या खांद्यावरून ते घ्यायचे. काळजीनंच घ्यायचे. पण त्यामुळे मागचं सगळं कोर्ट रिकामं व्हायचं, आणि मी मधोमध रॅकेट धरून उभी. असं दहादा झालं की अकराव्या वेळी माझं शटलसुद्धा मी सोडून देते, कारण ते येणारच आहेत असं धरून चालते.

मी म्हटलं, "भावोजी, उद्या माझं मला खेळू द्या. चुकलं तरी."

ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "तुमच्या अंगावर स्मॅश मारतात ते मला बघवत नाही, वहिनी."

"मारू देत. मारणारच. त्यासाठीच मी पुढे उभी आहे."

घरातल्या बाईला त्रास होऊ नये म्हणून तिच्या हातातलं काम काढून घेणं, यामागचा जिव्हाळा मला कळतो, आणि भावोजींचा तर मी कधीच विसरणार नाही. पण कोर्टवर हा जिव्हाळा दोघांनाही हरवतो. ठरवलं ते असं: सर्व्हिस लाइनच्या पुढचं सगळं माझं, माझ्या डोक्यावरून गेलेलं त्यांचं. मधलं असेल तर ज्याला फोरहँड पडेल त्याचं. आणि हाक फक्त दोन शब्दांची, 'माझं' आणि 'सोडा'. वहिनी-भावोजी म्हणायला वेळ नसतो.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितल्याप्रमाणे पोटऱ्यांचा व्यायाम दोन्ही वेळा केला. चाळिशीनंतर हौशी खेळाडूंचा टाचेमागचा स्नायूबंध तुटतो तो बहुतेकदा अचानक जोर देऊन धावताना. त्यांचं ऐकायचंच.

रविवार, रात्री साडेअकरा

हात दुखतोय पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

पहिली मॅच जिंकली. 30-26.

हॉलमधले पंखे बंद, दारं लावलेली, कारण शटलचं वजन पाच ग्रॅमच्या आसपास, वाऱ्यानं ते हलतं. सगळीकडे बाम आणि घामाचा वास. समोरची जोडी नवरा-बायको, दोघंही पळण्यात माझ्या कितीतरी पुढे. सुरुवातीला 3-8 मागे होतो. सर्व्हिस माझ्याकडे आली तेव्हा मी शटलची सोळाही पिसं फिरवून पाहिली, एक मोडलं होतं, अंपायरला दाखवून बदलून घेतलं. त्या अर्ध्या मिनिटात श्वास जागेवर आला. मग सर्व्हिस केली. नेटच्या पट्टीला जवळजवळ घासून गेली. समोरच्यांना ते खालूनच उचलावं लागलं, भावोजींनी मागून स्मॅश. पुन्हा तेच. पुन्हा तेच. सहा गुण आम्ही त्याच क्रमानं घेतले. समोरचे गृहस्थ रॅकेट उंच धरून पुढे झेपावत होते आणि तरी शटल त्यांना नेटच्या खालीच सापडत होतं.

15 ला बाजू बदलली तेव्हा त्यांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "लेडीजवर खेळ, लेडीजवर!"

याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कच्च्या खेळाडूवर खेळणं यात गैर काही नाही, दुहेरीत सगळे तेच करतात. माझा आक्षेप ओरडण्याला आहे. आपल्यावर का खेळतायत ते आपल्याला कळत असतं. ते हॉलभर जाहीर करायची गरज नसते. मिश्र दुहेरीकडे बघण्याची ही दृष्टीच जुनी आहे, जणू पुरुषाचा खेळ आणि सोबत बाई. बॅडमिंटन ऑलिंपिकमध्ये 1992 ला आलं, पण मिश्र दुहेरीला 1996 पर्यंत थांबावं लागलं. आणि आज? 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकची फायनल पाहा. चीनची हुआंग याछिओंग नेटवर काय करते ते पाहा. तिचा जोडीदार झेंग सीवेई, त्याचे स्मॅश सगळ्यांना दिसतात, पण त्याला स्मॅशसाठी शटल मिळवून देते ती. मी ती मॅच थांबवून थांबवून पाहिली आहे, फक्त तिचे पाय बघण्यासाठी. ती फार कमी पावलं टाकते.

तर लेडीजवर खेळले. 24-23 असताना समोरून सरळ माझ्या पोटावर स्मॅश आला. एरवी भावोजी धावले असते. मागून आवाज आला नाही, पावलंही वाजली नाहीत. मी बॅकहँड समोर धरला, ग्रिप सैल होती ती शटल लागताना आवळली, एवढंच. मारलं नाही, ढकललंसुद्धा नाही. शटल तारांवरून मेल्यासारखं पलीकडे पडलं. समोरच्या ताई मागे होत्या, पोहोचल्या नाहीत. 25-23.

भावोजींनी रॅकेट पुढे केली, मी माझी तिला टेकवली. ते म्हणाले, "हे मी घेतलं असतं तर बाहेर गेलं असतं." मला त्या क्षणी जे वाटलं ते शाळेपासून आजपर्यंत कुठल्याही मैदानावर वाटलं नव्हतं. या चौकटीत असं एक काम आहे जे मीच करायचं आहे आणि मला ते येतं.

दुसरी मॅच हरलो. 19-30. ती जोडी खरोखर चांगली होती. त्यांच्यातल्या बाईंनी पहिल्या दोन सर्व्हिसमध्येच ओळखलं की मी सर्व्हिस लाइनला चिकटून उभी राहते. मग त्यांनी फ्लिक सुरू केली. खालून सर्व्हिस येणार असं दाखवायचं आणि शेवटच्या क्षणी मनगटानं डोक्यावरून उडवायचं. दुहेरीत सर्व्हिसची मागची रेघ शेवटच्या रेघेच्या 76 सेंटिमीटर अलीकडे असते, म्हणजे फ्लिकला जागा तशी कमी, पण त्या बाईंचं शटल बरोब्बर त्या रेघेच्या आत पडत होतं. सर्व्हिस माझ्यासाठी असली की ती मलाच घ्यावी लागते, तिथं भावोजी मदत करू शकत नाहीत. तेवढ्या वेगानं मागे जाणं आज माझ्या पायांत नव्हतं. मॅच संपल्यावर त्यांच्याशी हात मिळवताना मी विचारलं, मनगट नेमकं कधी फिरवता? त्यांनी तिथंच उभं राहून दोनदा करून दाखवलं. मोठं मन लागतं त्याला.

जाऊबाईंनी डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्या होत्या. कोर्टच्या कडेला बसून सगळ्यांनी खाल्ल्या. समोरच्या जोडीनंही.

सोमवार

काल एक लिहायचं राहिलं. हरणाऱ्यानं पुढच्या मॅचला अंपायरिंग करायचं, असा आमच्या स्पर्धेचा नियम. त्यामुळे हरल्यावर पंधरा मिनिटांतच मी खुर्चीवर, हातात पाटी आणि खडू. 'लव्ह ऑल, प्ले' म्हणताना आवाज थोडा कापला, मग बसला.

अंपायरच्या जागेवरून मिश्र दुहेरी वेगळीच दिसते. खेळताना मला फक्त शटल दिसतं. तिथून चौघांमधली रिकामी जागा दिसते. एक मुलगी होती, असेल पस्तिशीची, जोडीदार पन्नाशी पार. ती मागे आणि ते पुढे खेळत होते. त्यांचे गुडघे गेलेले, पण हात मऊ. तिच्या पायांत स्प्रिंग. त्यांनी कुणाला न विचारता आपली जागा अदलाबदल करून टाकली होती आणि समोरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की खेळायचं कुणावर. पुढची जागा बाईचीच, हा काही नियम नाही. पुढची जागा ज्याचे हात शांत त्याची. आमच्या जोडीत ते हात माझे आहेत, म्हणून ती माझी.

आज पोटऱ्या भरून आल्यात, उजवा खांदा वर जात नाही. बँकेत एकीनं विचारलं काय झालं, तर मी तिला सगळी मॅच सांगितली, पोटावरच्या स्मॅशसकट. ती म्हणाली तिला पण यायचंय. तिला शनिवारी हॉलवर बोलावलंय. बूट नॉन-मार्किंगच, म्हणजे कोर्टवर डाग न पाडणारे आण, बाकी रॅकेट मी देते असं सांगितलं. माझी जुनी रॅकेट पडूनच आहे, गटिंग, म्हणजे तारा, तेवढं नवं घालून घेते.

भावोजींचा फोन आला. बुधवारी संध्याकाळी सातचं कोर्ट मिळालंय. तासभर ते फक्त फ्लिक सर्व्हिस टाकणार आणि मी मागे जाऊन घेणार. उभं राहायचं ते रेघेपासून एक पाऊल मागे, डावा पाय पुढे. घरच्या सुतळ्या मात्र सोडलेल्या नाहीत.