९९ टक्के पुरत नाही: ग्रहणासाठी शाळेतून सुट्टी काढण्याचा माझा अनुभव

८ एप्रिल २०२४ च्या खग्रास सूर्यग्रहणाची तयारी म्हणजे चष्मे, गाडी, डबे आणि आभाळावर लक्ष, असं मी धरून चालले होते. ती सगळी कामं बिनबोभाट झाली. अडलं ते शाळेच्या ऑफिसात, गैरहजेरीच्या एका फॉर्मवर. त्या फॉर्मचा राग अजून मनातून गेलेला नाही, आणि पुढच्या ग्रहणाला तुमच्यापैकी कुणी असंच अडकू नये म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

आम्ही अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत राहतो. खग्रासाचा पट्टा ओहायोतून जाणार होता, डेटन आणि क्लीव्हलंड त्यात येत होती, पण सिनसिनाटी काठाबाहेर राहिली. आमच्याकडे सूर्य ९९ टक्क्यांहून थोडा जास्त झाकला जाणार होता. महामार्गाने इंडियानाच्या दिशेला लागलं की शंभर मैलांच्या आत शेल्बीव्हिल येतं. तिथे पूर्ण खग्रास, तोही साडेतीन मिनिटांहून जास्त. जायचं ठरवायला आम्हाला वेळ लागला नाही.

पण तो सोमवार होता आणि लेक सातवीत. खग्रासाची वेळ दुपारी तीनच्या जरा पुढे, म्हणजे नेमकी शाळा सुटायची. ओहायोतल्या अनेक शाळांनी त्या दिवशी सरळ सुट्टी जाहीर केली. आमच्या शाळेने पत्र पाठवलं: मुलं वर्गातच राहतील, खिडक्यांचे पडदे ओढले जातील, फळ्यावर थेट प्रक्षेपण दाखवू, ग्रहण ओसरल्यावर बस सुटतील. आणि तळाशी एक ओळ, दुपारी बारानंतर पालकांना मुलांना मधूनच नेता येणार नाही.

म्हणजे पूर्ण दिवसाची रजाच काढायला हवी होती. आगाऊ कळवून घ्यायच्या रजेचा फॉर्म वेगळा, आणि त्यावर कारणाचे चौकोन चार: आजारपण, घरातला मृत्यू, धार्मिक कारण, शैक्षणिक सहल. मी शैक्षणिकवर खूण केली आणि फॉर्म पाठवला. तो परत आला. कारण ‘आयोजक संस्था’ या रकान्यात मी ‘कुटुंब’ लिहिलं होतं. मग उद्देश, ठिकाण, वेळापत्रक असं सविस्तर लिहून पुन्हा दिला. तोही परत आला. आता म्हणे सोबत नोंदणीकृत शिक्षक नाही. फोन केला तर तो जिल्हा कार्यालयाकडे, तिथून परत शाळेकडे, आणि प्रत्येक वेळी कहाणी पहिल्यापासून सांगायची. शेवटी मी स्वतः जाऊन खिडकीशी उभी राहिले.

तिथल्या बाई आवाजाने शांत होत्या, हे मान्य करते. पण त्यांचं एकच पालुपद: “इथूनही ९९ टक्के दिसणार आहे. एका टक्क्यासाठी मुलीचा दिवस कशाला बुडवता?”

हे वाक्य मला त्या महिन्यात इतक्या जणांकडून ऐकावं लागलं, ऑफिसातल्या सहकाऱ्यांकडून, शेजाऱ्यांकडून, आपल्या मराठी मंडळातल्या शिकल्यासवरल्या माणसांकडून, की त्याचं उत्तर इथे नीट देते. सूर्याभोवतीचं प्रभामंडळ, ज्याला करोना म्हणतात, त्याचा उजेड सूर्यबिंबाच्या साधारण दहा लाखाव्या भागाइतका असतो. बिंबाचा एक टक्का जरी उघडा राहिला, तरी तेवढी कोर प्रभामंडळाच्या दहा हजार पट तेजस्वी असते. त्या झगमगाटापुढे प्रभामंडळ दिसूच शकत नाही. आभाळ काळं होत नाही, क्षितिजावर चहूबाजूंनी संधिप्रकाश उतरत नाही. ९९ टक्क्यांना फक्त उजेड विचित्र फिका होतो आणि चष्म्यातून बारीक कोर दिसते. गणिताच्या पेपरातले ९९ आणि १०० हे शेजारी असतील, ग्रहणात ते शेजारी नाहीत. चंद्र सूर्यापेक्षा सुमारे ४०० पट लहान आणि सुमारे ४०० पट जवळ, म्हणून त्याची गडद सावली कशीबशी जमिनीला टेकते. त्या दिवशी ती पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर रुंद होती. आत असाल तर आत, बाहेर असाल तर बाहेर.

मी यातलं जमेल तेवढं खिडकीतून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, आणि मग आवाज खाली आणून, अगदी मदत करायच्या हेतूने म्हणाल्या, “तुमच्याकडे ग्रहण पाळतात ना? मग धार्मिक कारणावर खूण करा. त्याला कुणाची सही लागत नाही. आत्ता मंजूर करून देते.”

मला क्षणभर बोलता येईना. आमच्या घरात ग्रहण पाळलं गेलंय, हे खरंच आहे. देवगडला आजी वेध लागले की पाण्यात तुळशीचं पान टाकायची, मोक्ष झाल्यावर आंघोळ, मगच चूल. गरोदर सुनेला तर चिरणं-कापणंही बंद. आजीवर माझा राग नाही, तिने जे शिकलं ते मायेने केलं. पण त्या नियमांचा अर्थ घरात बसा, बाहेर बघू नका असा होता. त्या नावाखाली रजा घेऊन मी लेकीला भर दुपारी उघड्या मैदानात उभं करणार? आणि तिच्या हजेरीपत्रकावर कायमचं लिहिलं जाणार की ही मुलगी धार्मिक कारणाने गेली होती? याइतकं शैक्षणिक दुसरं काय असू शकतं! मी नाही म्हटलं. बाईंना ते हटवादी वाटलं असणार. वाटू दे.

रात्री बाबांना देवगडला फोन केला. ते ऐकून इतकंच म्हणाले, “ग्रहण बघूक साहेब विलायतेतसून विजयदुर्गाक इलो हुतो, आणि तुका शंभर मैल जावक परवानगी व्हयी?” खरंच आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर आपली माणसं आणि दुर्बिणी घेऊन विजयदुर्गाला आले होते. सूर्याच्या वर्णपटातल्या पिवळ्या रेषेवरून हेलियमचं नाव ठेवणारे ते हेच. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’, म्हणजे त्यांनी दुर्बिणी मांडल्या ते चौथरे, आम्ही लहानपणी सहलीत पाहिले, त्यांवर उड्या मारल्या. त्याच ग्रहणाला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला आपली उपकरणं घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. माणसं समुद्र ओलांडून सावलीच्या पट्ट्यात जात होती, आणि इथे मी ‘आयोजक संस्था’ या रकान्यात अडकले होते.

वाट निघाली ती लेकीमुळे. तिने विज्ञानाच्या बाईंना वर्गात विचारलं, मी जाऊन मोजमाप आणलं तर चालेल का? त्या बाईंनी दोन ओळींची चिठ्ठी दिली: विद्यार्थिनीला खग्रासपट्ट्यात तापमानाच्या नोंदी घेण्याचं काम दिलं आहे. झालं. ज्या फॉर्मला मी महिनाभर उद्देश आणि वेळापत्रकं जोडत होते, तो या चिठ्ठीवर मंजूर झाला, ग्रहणाच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी. गाडीत बसून मी मोठ्याने ओरडले. म्हणून पहिला सल्ला हाच: ऑफिसाच्या खिडकीशी जायच्या आधी विषयाच्या शिक्षकाला गाठा. शिक्षकाने काम दिलं की तुमची सहल आपोआप शैक्षणिक होते. आणि दिलेला प्रत्येक कागद तारखेसह जपून ठेवा.

चष्म्यांचं लवकर सांगून टाकते. मार्चमध्ये बाजारात नकली चष्मे आलेच होते. आयएसओ १२३१२-२ (सूर्याकडे बघायच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक) हा शिक्का कागदावर कुणीही छापू शकतो, त्यामुळे शिक्क्यावर न जाता विक्रेत्याचं नाव अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या यादीत आहे का ते पाहा. इथल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत चष्मे फुकट मिळत होते, आमचे तिथलेच. खरा चष्मा दृश्य प्रकाशातले लाखातले जेमतेम तीन भाग आत सोडतो, म्हणून तो घालून घरात काहीच दिसायला नको. दिवाणखान्यातलं सामान दिसलं तर तो चष्मा टाकून द्या. ओरखडा, भोक, सुटलेली फिल्म असेल तरी टाका. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, दोन-तीन गॉगल एकावर एक, हे सगळं आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय आणि ते सगळं धोक्याचं आहे. काच काळी दिसली तरी अवरक्त किरण आत येऊ शकतात. डोळ्याच्या पडद्याला दुखत नाही, त्यामुळे भाजतंय हे कळतच नाही. दृष्टीच्या मधोमध डाग दिसायला लागतो तो काही तासांनी. ९९ टक्क्यांना धोका जास्त वाढतो असं मी म्हणेन, कारण उरलेल्या कोरीची प्रखरता तीच राहते आणि अंधुक उजेडात बाहुली मात्र मोठी झालेली असते.

चष्मा घालून दुर्बिणीत डोकावायचं नाही, कधीच नाही. दुर्बिणीने एकवटलेला प्रकाश ती फिल्म जाळतो. फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या भिंगावर लागतो.

आम्ही पहाटे निघालो, रस्ता मोकळा मिळाला. परत येताना मात्र गाड्यांच्या रांगा अशा की दुप्पट-तिप्पट वेळ गेला. पेट्रोल सकाळीच भरून घ्या, रस्त्याचा नकाशा फोनमध्ये आधी उतरवून ठेवा, पुऱ्या-भाजी जास्तीची न्या. मी पुऱ्या तळायचा झाराही नेला होता. स्पर्श झाल्यावर, म्हणजे ग्रहण लागल्यावर, तो पांढऱ्या कागदावर धरला, आणि प्रत्येक भोकाखाली सूर्याची छोटी कोर उमटली. शेजारच्या गाडीतली मुलं झारा मागून घेऊन गेली.

लेक तापमान लिहीत होती. खग्रासापर्यंत पारा फॅरेनहाइटमध्ये पाच-सहा अंश उतरला. वर विरळ पांढरे ढग होते, त्यांनी काही अडवलं नाही. चष्म्यातून शेवटचा उजेड नाहीसा झाला आणि आम्ही चष्मे काढले. हे आधी घरी घोकून ठेवलं होतं: चष्म्यातून काहीच दिसेनासं झालं की काढायचा, पहिला लखलखता ठिपका परत आला की लगेच घालायचा. शाळेच्या पत्रात चष्मा एक क्षणही काढू नका असं होतं. सिनसिनाटीसाठी ते अगदी बरोबर. शेल्बीव्हिलला तसं केलं असतं तर लेकीला फक्त काळोख दिसला असता.

मी फोटो काढला नाही आणि तसंच करा म्हणते. सूर्याच्या डागांचं चक्र ऐन भरात होतं, त्यामुळे प्रभामंडळाचे काटे चहूकडे फुटलेले होते, आणि बिंबाच्या खालच्या कडेला गुलाबी-लाल ज्वाला नुसत्या डोळ्यांनी दिसली. उजवीकडे खाली शुक्र, डावीकडे वर गुरू. लेक पेन हातात धरून तशीच उभी राहिली; खग्रासाच्या मधल्या नोंदीचा रकाना कोराच आहे. विज्ञानाच्या बाईंनी तिला त्याबद्दल काही विचारलं नाही.

पुढचं मोठं ग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला, इजिप्तच्या लक्सरजवळ सहा मिनिटं वीस सेकंदांहून अधिक. तोही सोमवारच आहे. महाराष्ट्रात ते खंडग्रास दिसेल, तेव्हा तिथे चष्मा शेवटपर्यंत डोळ्यांवर, आणि पावसाळी ढगांचं मन धरावं लागेल. सौदीतल्या मराठी मंडळींनी मात्र नकाशा आत्ताच बघावा: जेद्दा पट्ट्यात आहे, रियाध नाही. रियाधमधल्यांना कुणी टक्केवारी सांगायला लागलं तर ऐकू नका, जेद्दाची तिकिटं काढा.