काकवी पातळ झाली

आज ऱ्हिओमीटरवर, म्हणजे द्रव किती घट्ट वाहतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, तोच नमुना तिसऱ्यांदा चढवला. १७० अंशांना पॉलिस्टायरिन (थर्माकोलचं प्लास्टिक) म्हणजे काकवीच. त्यात कण घातले की घट्ट व्हायला हवी. कडक गोळ्यांबद्दल आइन्स्टाइनने १९०६ मध्येच हे मांडलं होतं. माझी पातळ झाली! आधी वाटलं, ज्यात सगळं विरघळवलं ते टोल्युइन नीट उडालं नाही. रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ठेवलं. आकडा तोच.

पण माझे कण कडक कुठे आहेत? पॉलिस्टायरिनच्याच साखळ्या आतल्या आत टाचून केलेले, लोकरीच्या गुंड्यासारखे मऊ, जेमतेम दहा नॅनोमीटरचे. असाच परिणाम २००३ मध्ये छापून आलाय, तेव्हा मी अगदीच वेडा नाही.

कण विखुरलेत की गोळा झालेत, हे नमुन्यावर सोडलेले न्यूट्रॉनच सांगतील. पण त्यांना कण आणि भोवतालच्या साखळ्या वेगळ्या दिसायला एकीकडच्या साखळ्यांत हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन हवं. त्या बाटलीची किंमत बघून गाईडने नुसता उसासा टाकला.