मधमाशी आणि धावती मोटार : नोंदवहीचे तिसरे वर्ष

या हंगामात माझ्या नोंदवहीतील सर्वांत मजेशीर पाने भरली ती मोटारीच्या समोरच्या काचेवर बसून आलेल्या मधमाश्यांनी. तीन वर्षांपूर्वी मधमाश्यांच्या पेट्या पाहून परतताना गाडीत शिरलेल्या एका कामकरी माशीचे वागणे मी सहज टिपून ठेवले आणि तेव्हापासून मधमाशी व चालती मोटार यांची गाठ पडली की लिहून ठेवण्याची सवयच लागली. गाडी भाऊ चालवतो, शेजारी बसून नोंद मी करते. मी एकटी असेन तेव्हा गाडी थांबल्यावरच वही उघडायची, हा नियम आजवर एकदाही मोडलेला नाही.

काचेवरची ती पहिली माशी वायपरच्या पात्यालगत बसून पुढच्या पायांनी स्पर्शिका साफ करत होती. गाडी निघाली तरी ती उठली नाही. वेग वाढला तशी ती पाय फाकवून काचेला अंग चिकटवून बसली, आणि पुढच्या वळणाआधी आम्ही थांबताच काहीच घडले नसल्यासारखी पुन्हा स्पर्शिका पुसू लागली. गाडी हलली की दबून बसायचे आणि थांबली की राहिलेली साफसफाई पुढे सुरू करायची, असा क्रम चार वेळा झाला. भावाला इतके हसू येत होते की पाचव्या थांब्यावर आम्ही थोडा वेळ तसेच उभे राहिलो. तिच्या या निश्चिंतपणामागे पायांची रचना आहे. मधमाशीच्या प्रत्येक पायाच्या टोकाला नख्या असतात आणि त्यांच्या मधोमध एक मऊ, चिकट गादी असते. खरखरीत पृष्ठभागावर नख्या कामी येतात, काचेसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर ती गादी. शिवाय काचेच्या अगदी लगत हवेचा वेग मंदावलेला असतो, त्यामुळे अंग दाबून बसणाऱ्या माशीला वाऱ्याचा मारा कमी लागतो.

गाडीच्या आत शिरलेल्या माश्यांबाबत मात्र सुरुवातीला माझी पद्धतच चुकत होती. मधमाशी साधारणपणे ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेगाने उडते. मग ताशी ६० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत ती आसनाच्या पाठीवर निवांत तरंगते कशी, हा प्रश्न गाडीत बसलेल्या प्रत्येक पाहुण्याने मला विचारला आहे. काचा बंद असल्या की आतली हवाही गाडीबरोबरच पुढे जात असते आणि माशीला केवळ त्या हवेच्या तुलनेत उडायचे असते. गॅलिलिओने १६३२ मध्ये जहाजाच्या बंद खोलीत उडणाऱ्या माश्या आणि फुलपाखरांचे उदाहरण देऊन हेच सांगितले होते. बाहेर पडू पाहणारी माशी मात्र उजेडाकडे धावते, आणि मोटारीत तो उजेड बहुधा मागच्या मोठ्या काचेतून येतो. मी चालकाशेजारची खिडकी उघडून वाट पाहत असे आणि माशी मागच्या काचेवर थडकत राही. आता आम्ही गाडी बाजूला घेतो, मागची काच आतून जाड कापडाने झाकतो आणि दारे उघडतो. तेवढ्याने बहुतेक पाहुण्या लगेच निघून जातात.

गाडी लवकर थांबवण्याचा माझा आग्रह असतो, कारण मधमाशी पेटीभोवतीचा परिसर शिकून घेते आणि त्या ओळखीच्या परिसराबाहेर दूर नेऊन सोडलेल्या माशीला घर सापडणे कठीण असते.

पांढऱ्या गाडीवर पडणाऱ्या पिवळ्या ठिपक्यांची नोंदही वाढते आहे. निरोगी कामकरी माशी पोळ्यात विष्ठा करत नाही, ती बाहेर उडताना करते, आणि धुतलेली गाडी तिच्या वाटेखालून गेली की टपावर छोटे पिवळे फराटे उमटतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत परागकणांची कवचे सुंदर दिसतात. १९८१ मध्ये अमेरिकेने आग्नेय आशियात रासायनिक अस्त्र म्हणून ज्या ‘पिवळ्या पावसा’चा आरोप केला होता, त्याचे नमुने म्हणजे मधमाश्यांची विष्ठा असल्याचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, ते याच परागकणांच्या आधारे.

मोहोळ उठून मोटारीवर बसल्याचा प्रसंग माझ्या वाट्याला अजून आलेला नाही. वेल्समधील हॅवरफर्डवेस्ट येथे मे २०१६ मध्ये सुमारे २०,००० माश्या एका उभ्या मोटारीच्या मागच्या भागावर जमल्या, मधपाळांनी त्या काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तर मोहोळ पुन्हा त्याच मोटारीवर! राणी गाडीत अडकली असावी असा तर्क तेव्हा झाला. अशा वेळी घाबरून पाणी मारणाऱ्यांना मला कळकळीने सांगावेसे वाटते की घर सोडून निघालेल्या माश्यांच्या पोटात मध भरलेला असतो, राखायला पिलावळ नसते, आणि त्या सहसा शांत असतात. मधपाळाला बोलवावे आणि तोवर गाडी हलवू नये.

शेवटची नोंद गेल्या आठवड्यातील आहे. पाठीवर हिरवा ठिपका दिलेली माझ्याच पेटीतील एक माशी मागच्या आसनावर सापडली, तेव्हा मीटरवर दीड किलोमीटर झाले होते. दार उघडताच तिने गाडीभोवती दोन घिरट्या घातल्या आणि ती सरळ निघून गेली. आम्हीही गाडी वळवून मागे फिरलो. पेटीपाशी पोहोचलो तेव्हा दारातील फळीवर हिरव्या ठिपक्याची माशी आधीच येऊन बसली होती आणि स्पर्शिका पुसत होती.